मांडीवरचा माउस

सुदाम ठोंबरेच्या हातात कुठलीही वस्तू दिली की तो ती आधी उलटी करायचा. पाण्याची बाटली असो, कॅल्क्युलेटर असो, नाहीतर कुणाच्या बाळाचं खेळणं. वरून ती कशी दिसते याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. "पोट दाखव," म्हणायचा आणि खालचे स्क्रू, सांधे, शिक्के बघत बसायचा. माझ्या साखरपुड्यात सासऱ्यांनी हौसेने आणलेलं भिंतीवरचं घड्याळ त्याने भर मांडवात उलटं केलं आणि सांगून टाकलं, "मशीन दुसऱ्या घड्याळातलं हाय. दोन वर्सांत बंद पडंल." सासरे महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते. घड्याळ दीड वर्षात बंद पडलं. ते मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "मंग मी चुकलोच की. सा महिने जास्तच बोललो."

आम्ही दोघं कुंभिवलीजवळच्या पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. मी टाइम ऑफिसात कारकून, म्हणजे हजेरी, रजा, पत्रं असली कामं. तो टूलरूममध्ये फिटर. पत्रा ज्या साच्यात घालून ठोकतात तो साचा, म्हणजे डाय, घासूनपुसून अचूक करणं हे त्याचं काम. केसाच्या जाडीचा फरक तो नखाने ओळखायचा. माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा. मी त्याला सुदामदादा म्हणायचो, तो मला दिन्या.

तो पोशीरचा. सकाळी नेरळहून कर्जतला येऊन कंपनीची बस पकडायचा. मी लोधिवलीचा, चौकला चढायचो, आणि माझी जागा त्याने पिशवी ठेवून धरलेली असायची. बाकीचे झोपलेले असत, नाहीतर मोबाइलात. सुदाम मात्र दोन्ही हातांत एक व्हिडिओ गेम धरून बसलेला असायचा. हातात धरून खेळायचा, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या. खोपोलीच्या एका भंगारवाल्याकडे तो त्याला मेलेला मिळाला होता. त्याने तो जिवंत केला आणि मग, आता जिवंत केलाच आहे तर, म्हणून खेळायला लागला. चाळिशीचा माणूस, कपाळाला आठ्या घालून, एका बर्फाळ गावात शिरून शत्रूवर नेम धरतोय, हे बघून बसमध्ये हसायचे लोक. त्याला फरक पडत नसे.

त्याची तक्रार वेगळीच होती.

"दिन्या, बघ हं," तो पडदा माझ्याकडे वळवायचा. "ही उजवी दांडी फिरवली की बंदूक फिरते. आता मला इतकंसंच फिरवायचं हाय, तर ती भसकन पुढं जाती. मागं आनली की मागं. अंगठ्याच्या टोकावर एवढं बारीक काम व्हतं का? मी डाय घासतो तवा अंगठ्यानं घासतो का? सगळा हात सरकवतो. खांद्यापासून."

"मग काय पाहिजे?"

"तुझ्या टेबलावर हाय ते पायजे. माउस. ह्यो बनवनाऱ्यांना कोनी सांगत का नाय?"

मी म्हणालो, हातात धरायच्या खेळाला माउस कसा लावणार, तो ठेवायला टेबल लागतं. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि बसमध्ये बसल्या बसल्या आपल्या मांडीवर उजवा तळवा ठेवून इकडून तिकडे सरकवून दाखवला. मग पुन्हा खेळायला लागला. समोरच्याने मूर्खासारखं काही विचारलं की तो हातानेच उत्तर द्यायचा.

त्यानंतरच्या श्रावणात अपघात झाला.

नव्या डायची ट्रायल होती. प्रेसच्या तोंडावर जाळीचा गार्ड असतो. तो बंद असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी आमचे मॅनेजर सावंत साहेब टाइम ऑफिसच्या दारात उभे राहून सुपरवायझरला म्हणाले होते, "उद्या ट्रायलला गार्ड काढून त्याचा स्विच बांधून ठेव रे, दर वेळी उघडझाप करण्यात वेळ जातो." मी हजेरीपट लिहीत होतो. मी ते ऐकलं. तिथे आम्ही तिघंच होतो, मी, सुपरवायझर आणि साहेब. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास सुदाम पत्रा नीट बसलाय का बघायला डावा हात आत घालून वाकला आणि प्रेस आली. चार बोटं गेली. अंगठा राहिला.

दवाखान्याची गाडी फाटकातून बाहेर पडली आणि सावंत साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अपघाताचा अहवाल आजच जायला हवा होता. ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. "सदर कामगाराने सुरक्षेबाबत हयगय केल्यामुळे" असं एक वाक्य त्यात होतं. गार्डचा उल्लेख नव्हता. मी थांबलो, साहेब म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." आणि पूर्णविराम दिला.

अडीच महिन्यांनी सुदाम परत आला. त्याला टूलरूममध्ये घेतलं नाही. हलकं काम म्हणून माझ्या शेजारच्या टेबलावर बसवलं. फाटकातून आत येणाऱ्या गाड्यांची कॉम्प्युटरवर नोंद करायची. पहिल्याच दिवशी त्याने आपली फाइल मागितली. अहवाल वाचला. पान उलटं करून मागची कोरी बाजूही बघितली. मग फाइल माझ्याकडे सरकवत म्हणाला, "टायपिंग चांगलं हाय तुजं. एक चूक नाय."

त्या आधी आणि नंतरही मला लोकांनी शिव्या दिल्यात. इतकी कुठली लागली नाही.

त्याला मदत केलेली खपायची नाही. डब्याचं झाकण तो डबा गुडघ्यांत धरून उघडायचा. एकदा शिपायाने पुढे होऊन झाकण फिरवून दिलं, तर त्याने ते परत घट्ट लावलं आणि पुन्हा स्वतः उघडलं. सगळ्यांसमोर, सावकाश. बसमध्ये आता माझी जागा धरत नव्हता. पण पिशवीत तो गेम अजून असायचा. दोन हातांनी धरायची वस्तू, त्यामुळे तो काढायचा, मांडीवर ठेवायचा, बघायचा, परत ठेवायचा.

नोंदीच्या कामात त्याला माउसची सवय लागली. एकदा गाड्या नव्हत्या तेव्हा त्याने माझ्याकडे न बघताच विचारलं, "बिघडलेले माउस टाकता का तुमी लोकं?" मी कपाटातून चार काढून दिले. त्याने चारही उलटे करून टेबलावर मांडले.

त्यानंतरचे चार-पाच महिने मी त्याच्या शेजारी बसून जे बघितलं ते सांगायला मला फिटर असायला हवं होतं. मला समजलं तेवढं सांगतो. त्या गेमला माउस कळत नव्हता, फक्त दांडी कळत होती. म्हणून मधे एक बोटभर इलेक्ट्रॉनिक पाटी बसवायची, जी माउसची हालचाल दांडीच्या भाषेत सांगेल. तिची माहिती इंग्रजीत असायची, ती मी त्याला वाचून दाखवायचो. ही एवढी एकच मदत त्याने घेतली, आणि तीही वाचून झालं की "बास" म्हणून थांबवायचा. दुसरी अडचण मोठी होती. नेम धरायला माउस झाला, पण गेममधल्या माणसाला चालवायचं कशाने? त्यासाठी डावी दांडी, आणि डाव्या हाताचा नुसता अंगठा उरलेला, धरायला बोटं नाहीत. त्याने डावी दांडी मुळातून काढली आणि माउसच्या कुशीत, उजवा अंगठा जिथे टेकतो तिथे, आडवी बसवली. तळव्याने सरकवायचं म्हणजे नेम. अंगठ्याने चालायचं. दोन बोटांनी गोळी. पडद्याला त्याने पत्र्याचा एक पाय करून दिला, पुढच्या सीटच्या दांडीला अडकणारा. एक हात, आणि त्या हाताखाली स्वतःची मांडी.

पहिल्यांदा चाललं ते बसमध्येच. चौकच्या पुढे रस्ता खराब होता, बस हिंदकळत होती, आणि त्याचा हात पँटवरून असा फिरत होता जसा पूर्वी डायवर फिरायचा. बंदूक एकदाही भसकन गेली नाही. जिथे त्याला हवी तिथे जाऊन थांबत होती. शेजारच्या जागेवर नुसती पिशवी होती. मी उठून तिथे गेलो. त्याने पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि मी बसलो.

"तुला सांगतो दिन्या," खालापूर येईपर्यंत तो एकटाच बोलत होता, "ह्यो खेळ नाय. ज्याचा एक हात चालत नाय, ज्याच्या बोटांत जोर नाय, म्हातारं मानूस, लकवा मारलेलं मानूस, त्याला बटन दाबता येत नाय, पन हात सरकवता येतो. बसल्या जागी, खाटंवर, मांडीवर. त्यानं चित्र काढावं, लिवावं, खेळावं. टेबल नको का खुर्ची नको. यवढासा डबा आनि एक हात." मग म्हणाला, "आनि जो ह्ये करू शकतो तो डाय पन घासू शकतो. व्हय का नाय?"

मला तेव्हा कळलं की हे सगळं तो कशासाठी करत होता. त्याला टूलरूममध्ये परत जायचं होतं.

त्याने अर्ज केला. अर्जात दोन गोष्टी मागितल्या. अहवालातला हयगय हा शब्द काढावा, आणि टूलरूमचं काम परत द्यावं. सावंत साहेबांनी तो धाकट्या मालकांकडे पाठवला. धाकटे मालक परदेशात शिकून नुकतेच आले होते, कामगारांना नावाने हाक मारायचे, कॅन्टीनमध्ये आमच्यासोबत रांगेत उभे राहायचे. त्यांनी सुदामला त्याच्या यंत्रासकट बोलावलं. अर्जाचे कागद घेऊन मीही होतो.

मीटिंगच्या खोलीत लांबलचक काचेचं टेबल होतं. सुदामने माउस त्यावर ठेवला, सरकवला, आणि पडद्यावर काहीच झालं नाही. पुन्हा सरकवला. पडद्यावरचा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा. सावंत साहेबांनी घड्याळात पाहिलं. सुदामने शांतपणे माउस उचलला, मागे सरकून बसला, आणि मांडीवर ठेवला.

"काचंवर याला दिसत नाय," तो म्हणाला. "कपड्यावर दिसतं."

आणि मग तो खेळला. दहा मिनिटं. धाकट्या मालकांनी मोबाइलवर सगळं चित्रित केलं. त्याच्या मागे जाऊन, बाजूने, खाली वाकून मांडीच्या जवळून. "अमेझिंग," ते म्हणत होते. "सुदाम, यात प्रचंड पोटेन्शियल आहे." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा तुटका हात हातात घेऊन दोघांचा एक फोटो काढला. अर्जाबद्दल म्हणाले, नीट चौकशी लावू, न्याय होईल.

जिन्यात सुदामने विचारलं, "पोटेन्शियल म्हंजे काय रं?"

"म्हणजे... यातून पुढे काहीतरी मोठं होऊ शकतं."

"म्हंजे आता काय नाय," तो म्हणाला. पण चेहरा हसरा होता. त्या दिवशी त्याने मला कॅन्टीनमध्ये बोलावून वडा खायला घातला. मी त्याला खुश बघितलं ते तेवढंच.

चौकशी महिन्याभराने झाली. बाहेरून एक वकील आणले होते, बोलायला अतिशय सभ्य. त्याच खोलीत, त्याच काचेच्या टेबलाशी. एका बाजूला सावंत साहेब आणि सुपरवायझर, दुसऱ्या बाजूला सुदाम एकटा. मला हजेरीचे कागद घेऊन बसवलं होतं. सुरुवातीलाच वकिलांनी धाकट्या मालकांनी काढलेलं ते चित्रीकरण भिंतीवर लावलं. सुदाम खेळतोय, नजर हलत नाही, आजूबाजूला कोण बोलतंय त्याचं भान नाही. वकील म्हणाले, "किती तल्लीन झालेत बघा. अगदी हरवून गेलेत."

मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही रोज यांच्यासोबत बसने यायचात?"

"हो."

"अपघाताच्या आधीही ते हा गेम खेळायचे?"

"हो. बसमध्ये."

"कारखान्यात?"

"जेवणाच्या सुट्टीत कधीकधी."

"अपघाताच्या दिवशी सकाळी?"

"बसमध्ये खेळत होते."

"आणि अपघात झाला तेव्हा गेम कुठे होता?"

"त्यांच्या पिशवीत."

"पिशवी कुठे होती?"

"टूलरूममध्ये."

"म्हणजे कामाच्या जागी होता."

मी हो म्हणालो. यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. गार्ड कुणाच्या सांगण्यावरून काढला, हे मला कुणी विचारलं नाही. मी सावंत साहेबांकडे पाहिलं. ते कागदावर काहीतरी लिहीत होते. सुपरवायझर खाली बघत होता. सुदाम माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. डाय तपासताना बघायचा तसं, कुठे किती घासायला हवं ते बघितल्यासारखं. मला तोंड उघडायला भरपूर वेळ होता. वकिलांनी दोनदा विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" दोन्ही वेळा मी नाही म्हणून मान हलवली. माझी बायको तेव्हा बाळंतपणाला गेली होती, मला बढती मिळणार असं सावंत साहेब म्हणाले होते. कारणं माझ्याकडे होती. अजूनही आहेत.

निकालपत्र मीच टाइप केलं. पूर्वीच्या वाक्यात भर पडली होती. "सदर कामगारास व्हिडिओ गेमचे व्यसन असून" अशी. यंत्रावर असा माणूस नको, म्हणून टूलरूम त्याला कायमची बंद. सुदाम दुसऱ्या दिवसापासून आला नाही. टेबलाच्या खणात त्याचं काही उरलं नव्हतं. शिपाई म्हणाला, माझ्यासमोर नेलं सगळं, एका हाताने, तीन खेपा मारून. त्या वर्षीच्या कंपनीच्या कार्यक्रमात धाकट्या मालकांनी ते चित्रीकरण पुन्हा दाखवलं, गाणं लावून. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की आम्ही आमच्या माणसांच्या पाठीशी उभे राहतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मी आता त्या कारखान्यात नाही. खालापूरला दुसरीकडे आहे. काही महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन पनवेलच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. तिथे हातात धरायचा एक नवा गेम मांडला होता, मोठ्या कंपनीचा. दुकानातल्या मुलीने त्याची उजवी बाजू सुटी केली, आडवी करून तिथल्या माउसपॅडवर ठेवली आणि सरकवली. पडद्यावर बाण सरकला. "सर, ये माउस बन जाता है," ती म्हणाली. "टेबल नहीं है तो पैंट पे भी चलता है." आणि तिने तो आपल्या मांडीवर सरकवून दाखवला. माझ्या मुलीने आनंदाने हात पुढे केला. मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

पुढच्या रविवारी मी पोशीरला गेलो. इतक्या वर्षांत मी त्याच्या घरी कधी गेलो नव्हतो, चौकशीनंतर तर फोनही केला नव्हता. दुपारची वेळ होती. तो ओट्यावर बसून पाण्याच्या पंपाची मोटर खोलत होता. मोटर दोन पायांच्या मधे धरलेली, उजव्या हातात पाना. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी अंगणात उभा राहिलो. त्याने वर बघितलं, ओळखलं, आणि पुन्हा मोटरीकडे बघायला लागला.

मी मोबाइल काढून त्याला फोटो दाखवला, माहिती सांगितली. त्याने पाना खाली ठेवला आणि मोबाइल हातात घेतला. फोटो बराच वेळ बघितला.

"आडवा ठेवून सरकवायचा?"

"हो. मांडीवरही चालतो. दुकानातली मुलगी मांडीवरच दाखवत होती."

"मंग चालायचं कशानं?"

"दुसऱ्या हातातल्या दांडीने. डाव्या."

"म्हंजे दोन हात लागतातच," तो म्हणाला आणि मोबाइल मला परत दिला. "मंग यांनी काय केलं? ज्याला दोन हात हायत त्याला दांडी काय वाईट व्हती?"

मी म्हणालो, "दादा, तुझी कल्पना याच्या पुढची होती. तू कुणाला तरी..."

"कोनाला?"

तो पुन्हा स्क्रू सोडवायला लागला. निघालेला प्रत्येक स्क्रू तो एका झाकणात ठेवत होता, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने. मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही. म्हणून एका दमात बोलून टाकलं, "आदल्या दिवशी सावंत साहेबांनी गार्ड काढायला सांगितलं ते मी ऐकलं होतं. माझ्यासमोर सांगितलं. त्या खोलीत मी बोलायला हवं होतं."

त्याचा हात थांबला. तो मला काहीतरी म्हणेल, शिवी देईल, निदान का नाही बोललास असं विचारेल, म्हणून मी थांबलो. आतून भांड्यांचा आवाज आला आणि त्याच्या बायकोने विचारलं, "कोन आलंय वो? चा टाकू?"

सुदामने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे तोंड करून, तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कोनी नाय गं. रस्ता इचारतायत."

आणि हातातला पाना उचलून त्याने गावाच्या बाहेरच्या दिशेला दाखवलं. "सरळ जावा. फाट्यावर नेरळची रिक्षा भेटंल तुमाला."

मी त्याचे आभार मानले, आणि त्याने दाखवलेल्या रस्त्याने निघालो.